थॉमस स्ट्रीटवरच्या त्या इमारतीला खिडक्या का नाहीत?

एका वाचकाने न्यूयॉर्कच्या ३३ थॉमस स्ट्रीट या इमारतीचा फोटो पाहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. एवढ्या उंच इमारतीला एकही खिडकी का नाही? अणुयुद्धाच्या भीतीने ती तशी बांधली हे कितपत खरं? आणि अशा बंद ठोकळ्याला चांगली वास्तुकला म्हणायचं का? मी आर्किटेक्ट आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतींची दुरुस्ती आणि फेरवापर हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. खिडक्या नाहीत, कारण आत बसून काम करणाऱ्या माणसांची गरज ही इमारत बांधेपर्यंत संपली होती. अणुबॉम्बचा विचार आराखड्यात नक्की होता, पण यंत्रं, केबल, बॅटऱ्या आणि हवा यांनी इमारतीचा आकार त्याआधीच बराचसा ठरवून टाकला होता. ही इमारत समजून घ्यायची तर तिचा दर्शनी फोटो बाजूला ठेवा आणि तिचा उभा छेद, म्हणजे आमच्या भाषेत सेक्शन, डोळ्यांसमोर आणा.

इमारत एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या ‘लाँग लाइन्स’ या लांब पल्ल्याच्या सेवेसाठी बांधली. आपल्याकडच्या जुन्या भाषेत सांगायचं तर हे ट्रंक एक्स्चेंज. गल्लीतल्या घरांचे फोन इथे जोडलेले नव्हते. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारे कॉल इथे वळवले जायचे. आर्किटेक्ट जॉन कार्ल वॉर्नकी. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीतली अध्यक्ष केनेडींची समाधी आणि हवाईचं स्टेट कॅपिटॉल ही त्यांचीच कामं. थॉमस स्ट्रीटचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९७४ मध्ये संपलं. उंची ५५० फूट, म्हणजे साधारण १६८ मीटर. जमिनीवर मजले मात्र फक्त २९.

हा आकडा लक्षात ठेवा. ऑफिसची इमारत असती तर बारा-तेरा फुटांच्या हिशेबाने तेवढ्याच उंचीत चाळीसहून जास्त मजले सहज बसले असते. इथे एकेक मजला सुमारे १८ फूट उंच आहे. जमीन सोन्याच्या भावाने विकली जाते अशा मॅनहॅटनमध्ये कोणी एवढी उंची उगाच सोडत नाही. ती यंत्रांनी मागितली होती.

बेल सिस्टिमच्या, म्हणजे एटी अँड टीच्या टेलिफोन जाळ्याच्या, जुन्या एक्स्चेंजमध्ये यंत्रांच्या ज्या उभ्या फ्रेम असायच्या, त्यांची ठरलेली उंची साडेअकरा फूट होती. क्रॉसबार स्विच (एक लाइन दुसरीला जोडून देणारी यंत्रं), रिले (विजेने उघडझाप होणारे छोटे स्विच), सगळं त्यांवर बसवलेलं. फ्रेमच्या डोक्यावर केबलचे रॅक, तेही एकावर एक. त्यावर दिवे, त्यावर हवेचे डक्ट, आणि मग स्लॅबच्या बीम. बेरीज केलीत की १८ फूट ऐषाराम वाटत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या एक्स्चेंजच्या स्विच रूममध्ये कधी उभे राहिला असाल तर तिथलंही छत नेहमीच्या ऑफिसपेक्षा उंच असल्याचं जाणवलं असेल. कारण तेच.

आता खिडक्यांकडे येऊ. टेलिफोनच्या पहिल्या काही दशकांत एक्स्चेंज म्हणजे माणसांनी, बहुतेक ठिकाणी बायकांनी, भरलेली खोली असायची. लांबच लांब स्विचबोर्ड, त्यापुढे ओळीने बसलेल्या ऑपरेटर. त्यांना उजेड हवा, हवा हवी, जेवायला आणि विश्रांतीला जागा हवी. म्हणून १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या टेलिफोन इमारती पाहिल्या तर त्या चारचौघींसारख्या, भरपूर खिडक्यांच्या दिसतात. न्यूयॉर्कमध्ये आर्किटेक्ट राल्फ वॉकर यांनी अशा इमारतींची मालिकाच उभी केली: १९२६ ची बार्कले-व्हेसी, वेस्टर्न युनियन या तार कंपनीसाठी बांधलेली ६० हडसन स्ट्रीट, आणि लाँग लाइन्सचंच आधीचं ठाणं असलेली ३२ अव्हेन्यू ऑफ दि अमेरिकाज. पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत वर जाणाऱ्या, विटांच्या नक्षीकामाच्या या इमारती.

मग डायल आला. गावातले कॉल आधी स्वयंचलित झाले, आणि १० नोव्हेंबर १९५१ रोजी न्यू जर्सीतल्या इंगलवूडहून कॅलिफोर्नियातल्या अलामिडाला ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट डायल करून पहिला कॉल लागला. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत लांब पल्ल्याच्या एक्स्चेंजमध्ये माणसांची गरज झपाट्याने कमी झाली. उरले ते देखभाल करणारे तंत्रज्ञ, तेही पाळीगणिक मोजकेच. ज्यांच्यासाठी खिडक्या काढायच्या ती माणसंच गेल्यावर आर्किटेक्टपुढे प्रश्न येतो: मग काच कोणासाठी?

यंत्राला खिडकी नुसती निरुपयोगी नाही, ती त्रासदायक असते. क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये लक्षावधी बारीक धातूचे कॉन्टॅक्ट सतत जुळतात आणि सुटतात. त्यांच्यामध्ये धुळीचा कण आला की आवाजात खरखर येते किंवा कॉल लागतच नाही. दमट हवेने धातू गंजतो, इन्सुलेशन कमजोर होतं. म्हणून आपल्याकडेही स्विच रूमच्या दाराशी चपला-बूट काढून आत जायची शिस्त होती, आणि ती फार काटेकोरपणे पाळली जायची. त्यात खिडकीतून येणारं ऊन म्हणजे एसीवर फुकटचा बोजा. यंत्रं स्वतःच एवढी उष्णता टाकतात की हिवाळ्यातही थंडावा पुरवावा लागतो. शिवाय शेजारच्या इमारतीला आग लागली तर ती आत शिरते ती खिडकीतूनच. टेलिफोनच्या इंजिनिअरकडून पाहिलं तर खिडकी ही भिंतीतली सगळ्यात कच्ची जागा.

आता तळघरात उतरू, कारण एक्स्चेंजच्या इमारतीचा जीव तिथे असतो. रस्त्याखालच्या पाइपांमधून केबल इमारतीत शिरतात त्या जागेला केबल चेंबर म्हणतात. लांबट, अरुंद खोली. एका भिंतीत पाइपांची तोंडं, पाणी आणि गॅस आत येऊ नये म्हणून बुजवलेली. तिथून मनगटाएवढ्या जाड केबल लोखंडी ब्रॅकेटवर टेकत जातात, वळण घेतात आणि छतातल्या फटीतून वर एमडीएफवर, म्हणजे मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेमवर, चढतात. वळण घाईघाईत देऊन चालत नाही. जाड केबलला ठरलेल्या त्रिज्येपेक्षा कमी वळवलं की आतल्या तारांच्या जोड्या दुखावतात, म्हणून चेंबरची रुंदी केबलच्या वळणावरून ठरते. वर एमडीएफला दोन बाजू: एकीकडे बाहेरून आलेल्या जोड्या उभ्या रांगांत, दुसरीकडे स्विचकडे जाणाऱ्या आडव्या रांगांत, आणि मध्ये हजारो जंपर वायरींचं जाळं. कोणता नंबर कोणत्या तारेवर आहे ते त्या जंपरने ठरतं. फ्रेम लांबलचक असते आणि मध्ये तोडता येत नाही. त्यामुळे खालच्या मजल्याची लांबी आणि खांबांची अंतरंही तीच ठरवते. आर्किटेक्टच्या हातात कागद येतो तेव्हा त्यावर एवढं सगळं आधीच लिहिलेलं असतं.

केबल चेंबर किती नाजूक असतं हे न्यूयॉर्कनेच अनुभवलं. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी सेकंड अव्हेन्यूवरच्या एक्स्चेंजच्या केबल चेंबरमध्ये आग लागली. केबलच्या छिद्रांतून धूर आणि ज्वाळा वर चढल्या. केबलवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळून निघालेला आम्लधर्मी धूर जिथे आग पोहोचली नव्हती तिथल्या यंत्रांनाही खाऊन गेला. सुमारे १,७०,००० फोन बंद पडले आणि ते पुन्हा चालू व्हायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. मजल्यांमधली प्रत्येक फट आगरोधक साहित्याने बुजवणं हे आज आम्हाला जेवढं महत्त्वाचं वाटतं, त्यामागे अशा आगी आहेत. बंद इमारतीविरुद्ध माझा सगळ्यात गंभीर आक्षेपही इथेच आहे. खिडक्या नसल्या की बाहेरची आग आत येत नाही हे खरं, पण आत लागलेल्या आगीचा धूर बाहेर काढणं फार अवघड होऊन बसतं.

तिसरी गोष्ट वजन. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्ट डीसीवर चालतं: दोन-दोन व्होल्टचे २४ शिसे-आम्ल सेल एका माळेत. वीज गेली तरी फोन चालू राहतो तो याच्या जोरावर. पण व्होल्टेज एवढं कमी म्हणजे करंट प्रचंड, हजारो अँपिअर. लांब अंतरावर तो नेला तर वाटेतच व्होल्टेज गळतं, म्हणून बॅटऱ्या यंत्रांपासून फार दूर ठेवता येत नाहीत आणि मधल्या बसबार, म्हणजे वीज नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, हाताच्या पंज्याएवढ्या रुंद करायला लागतात. बॅटरी रूममध्ये आम्ल सोसणाऱ्या फरश्या, हायड्रोजन साचू नये म्हणून सतत चालणारे पंखे, आणि मोठ्या माठांएवढे सेल. या सगळ्याचं वजन स्लॅबवर येतं. थॉमस स्ट्रीटचे मजले दर चौरस फुटाला २०० ते ३०० पौंड भार पेलतील असे बांधले आहेत, म्हणजे चौरस मीटरला साधारण १,००० ते १,४५० किलो. आपण ऑफिससाठी २५० ते ४०० किलो धरतो. तिप्पट-चौपट भार पेलणारं हे हाडपेर बाहेरून दिसत नाही, पण फोटोत इमारत जमिनीत रुतल्यासारखी जड वाटते त्यात त्याचा वाटा आहे.

एवढं झाल्यावर अणुबॉम्ब. १९६० च्या दशकात एटी अँड टीचं जाळं अमेरिकेच्या संरक्षणव्यवस्थेचाही कणा होतं. त्याच काळात कंपनीने देशभर कोअॅक्सिअल केबलच्या मार्गांवर जमिनीखाली मजबूत ठाणी बांधली. थॉमस स्ट्रीट त्याच विचाराचं शहरातलं रूप: अणुहल्ल्यानंतरच्या किरणोत्सारी धुळीपासून आतली यंत्रं आणि माणसं वाचावीत, आणि इमारत दोन आठवडे बाहेरच्या मदतीशिवाय चालावी, अशी योजना होती. स्वतःचं पाणी, स्वतःचं इंधन, स्वतःची वीज. २०१६ मध्ये ‘द इंटरसेप्ट’ने जुन्या आराखड्यांच्या आधारे दिलेल्या वृत्तात १,५०० माणसांच्या दोन आठवड्यांच्या सोयीचा उल्लेख होता. पण थेट मॅनहॅटनवर बॉम्ब पडला असता तर ही इमारत टिकली असती असं कोणी समजू नये. संरक्षण दूरच्या स्फोटाच्या परिणामांपासून होतं. माझं मत असं की, अणुयुद्धाची भीती नसती तरी ही इमारत जवळपास अशीच बंद झाली असती. भिंती कदाचित थोड्या हलक्या आणि टाक्या लहान असत्या, एवढंच. त्याच शहरात ३७५ पर्ल स्ट्रीटची न्यूयॉर्क टेलिफोनची इमारत १९७० च्या दशकाच्या मध्यात उभी राहिली. तिलाही खिडक्यांच्या नावाने उभ्या अरुंद फटी तेवढ्या होत्या.

त्याच वृत्तात अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची पाळत या इमारतीतून चालत असल्याचं एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे म्हटलं होतं. तेव्हापासून लोक तिच्याकडे गूढकथेसारखे बघतात. तो विषय गंभीर आहे, पण त्याचा खिडक्यांशी संबंध नाही. पाळतीसाठी आंधळी भिंत लागत नाही.

इतकी तटबंदी करूनही घात कुठून झाला, तर आतल्या विजेने. १७ सप्टेंबर १९९१ रोजी वीज कंपनीवरचा भार कमी करण्यासाठी इमारत स्वतःच्या जनरेटरवर घेतली. एसीचं डीसी करणारे रेक्टिफायर बंद पडले. यंत्रं बॅटरीवर चालत राहिली आणि धोक्याचे इशारे वेळेत कोणाच्या लक्षात आले नाहीत. बॅटऱ्या संपल्या तेव्हा ५० लाखांहून अधिक कॉल अडले आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या लाइनही तुटल्याने अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ३९८ विमानतळांच्या कामात अडथळा आला. इमारत जागची हलली नव्हती, भिंतींना ओरखडाही नव्हता. म्हणून मी तरुण आर्किटेक्टना सांगतो, एक्स्चेंजचा आराखडा करताना बॅटरी रूम उरलेल्या कोपऱ्यात ढकलू नका. तिथे माणूस रोज सहज जाईल अशा वाटेवर ती ठेवा.

वास्तुकलेचं मोल या प्रश्नावर माझं उत्तर ठाम आहे: ही फार चांगली इमारत आहे. खिडकी काढून घेतली की आर्किटेक्टच्या हातातलं मोठं साधन जातं. प्रमाण दाखवायला, छायाप्रकाश आणायला, मजले मोजायला आपण खिडकीवरच विसंबतो. वॉर्नकींनी तिच्या जागी इमारतीचीच आतडी वापरली. हवेचे डक्ट, जिने आणि लिफ्ट यांचे सहा मोठे उभे शाफ्ट त्यांनी मुख्य ठोकळ्याच्या बाहेर काढले आणि पायापासून माथ्यापर्यंत सलग चढवले. त्यामुळे मजल्यांचं क्षेत्र मध्ये मोकळं राहिलं, यंत्रांच्या रांगांना आडवं काही येत नाही, आणि बाहेर प्रत्येक शाफ्टच्या कडेला खोल सावली पडते. ऊन फिरतं तशी ती सावली फिरते. दहाव्या आणि एकोणतिसाव्या मजल्यावर हवा आत-बाहेर करणारी मोठी चौकोनी तोंडं आहेत. संपूर्ण इमारतीला उघडा भाग म्हणून तेवढाच, आणि तो बरोबर जिथे यंत्रणा श्वास घेते तिथे आहे. खोटी खिडकी, रंगवलेली चौकट, सजावटीची जाळी असं काहीही नाही.

दगडाचं कामही बघण्यासारखं आहे. काँक्रीटच्या तयार पॅनेलवर स्वीडनचा ग्रॅनाइट बसवला आहे, आणि त्याचा पृष्ठभाग ज्योतीने भाजून खरबरीत केलेला आहे. चकचकीत पॉलिश केला असता तर एवढी मोठी सपाट भिंत आरशासारखी डोळ्यांवर आली असती. खरबरीत दगड उजेड पिऊन टाकतो. ढगाळ दिवशी करडा, संध्याकाळच्या उन्हात किंचित तांबूस. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक पॉल गोल्डबर्गर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या इमारतीची मनापासून तारीफ केली होती, आणि आजूबाजूच्या उंच इमारतींपेक्षा ती परिसरात जास्त सहज सामावते असं म्हटलं होतं. पटायला कठीण, पण प्रत्यक्ष उभं राहिल्यावर पटतं.

रस्त्याच्या पातळीवर मात्र ती हरते. पदपथावरून चालणाऱ्याला देण्यासारखं तिच्याकडे काही नाही: ना दुकान, ना ओटा, ना आतलं काही दिसेल अशी जागा. यंत्रांना खिडक्या नकोत हे मान्य, तरी तळमजल्याचा एखादा कोपरा शहराला देता आला असता. याच काळात लंडनने उलट मार्ग धरला होता. १९६५ मध्ये सुरू झालेल्या पोस्ट ऑफिस टॉवरवर मायक्रोवेव्हच्या अँटेना उघड्यावर मिरवल्या होत्या आणि वर चक्क फिरतं रेस्टॉरंट होतं. तिथेही आकार यंत्राने ठरवला: वाऱ्यात मनोरा डोलला तर अँटेनाचा नेम चुकतो, म्हणून गोल, सडपातळ खोड. लोकांना वर घेतल्यामुळे तो शहराचा लाडका झाला. १९७१ मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाला आणि नंतर लोकांसाठी दारं बंद झाली, तरी माया टिकली, २००३ मध्ये वारसा म्हणून संरक्षणही मिळालं. आता तो हॉटेलसाठी विकला गेला आहे.

थॉमस स्ट्रीटचं पुढे काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो. इमारत पूर्ण होऊन दोनच वर्षांत, १९७६ मध्ये, शिकागोत ४ईएसएस हा पहिला मोठा डिजिटल ट्रंक स्विच सुरू झाला. पुढे तेच स्विच इथेही आले. यंत्रांच्या फ्रेम साडेअकरा फुटांवरून सात फुटांवर आल्या आणि एकेका स्विचला लागणारी जागा झपाट्याने आटली. १८ फूट उंच मजल्यांवर मोकळी जागा उरू लागली. एटी अँड टी अजूनही इमारत वापरते, काही भाग डेटा सेंटरसारखा चालतो, आणि त्या कामाला ती अगदी योग्य आहे: भार पेलणारे मजले, थंडावा, वीज, फायबर, सगळं जागेवर. घरं मात्र तिथे होणार नाहीत, कारण राहत्या खोलीला कायद्याने खिडकी लागते.

राल्फ वॉकरच्या जुन्या इमारतींचं नशीब इथे उजळलं. ऑपरेटर बायकांसाठी ठेवलेल्या खिडक्या आणि यंत्रांसाठी ठेवलेली उंच छतं हे दोन्ही एकत्र असल्याने चेल्सीतली त्यांची टेलिफोन इमारत वॉकर टॉवर नावाने महागडे फ्लॅट झाली, आणि बार्कले-व्हेसीचे वरचे मजलेही निवासी झाले. बार्कले-व्हेसीच्या खिडक्यांनी एकदा वेगळंच काम केलं. २००१ च्या सप्टेंबरमध्ये शेजारची इमारत तिच्यावर कोसळली, केबल चेंबरमध्ये पाणी भरलं, तेव्हा तंत्रज्ञांनी वरच्या मजल्यांवरून खिडक्यांतून केबल थेट रस्त्यावर सोडल्या आणि सेवा सुरू केली. पर्ल स्ट्रीटच्या इमारतीला नव्या मालकांनी वरच्या मजल्यांवर काचा बसवल्या. धंद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबर असेल. थॉमस स्ट्रीटवर कोणी तसं करू पाहिलं तर मी विरोध करीन. तिची प्रत्येक रेघ खिडकी नसण्यावर उभी आहे. भिंत फोडलीत की शाफ्टच्या सावल्यांचा अर्थच जातो. न्यूयॉर्कच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत तिचं नाव यायला हवं, आणि डेटा सेंटर म्हणून ती पुढची पन्नास वर्षं निभावू शकते.

प्रत्यक्ष बघायला जमलं तर दक्षिणेकडून सुरुवात करा. बार्कले-व्हेसी बघून उत्तरेला ६० हडसनकडे या, तिथल्या विटा खाली गडद आणि वर फिकट होत जातात ते पाहा. मग थॉमस स्ट्रीटनेच पूर्वेला चर्च स्ट्रीट ओलांडा की ३३ क्रमांक समोर येतो. शेवटी ३२ अव्हेन्यू ऑफ दि अमेरिकाजच्या लॉबीत जा. तिथे छतावर कलाकार हिल्ड्रेथ मिएर यांचं मोझॅक आहे. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं चालणं आहे, आणि थॉमस स्ट्रीटला पोहोचताना ऊन तिरपं असेल अशा बेताने निघा, म्हणजे शाफ्टच्या सावल्या नीट दिसतील.